साडेआठ फुटांचा करार : महामार्गावरची बोट आणि ‘मोकळ्या रस्त्या’ची दंतकथा

१/१६
अमेरिकेतील एखादा इंटरस्टेट महामार्ग. ट्रेलरवर चढवलेली पांढरीशुभ्र विहारनौका, मागे ‘ओव्हरसाइझ लोड’ असा पिवळा फलक, कोपऱ्यांना बांधलेली लाल फडकी आणि पुढे दिवे लुकलुकवत चाललेली पायलट गाडी. हे चित्र समाजमाध्यमांवर आले की एक ठरलेला सूर उमटतो : ‘समुद्रावर स्वच्छंद फिरणाऱ्या बोटीला जमिनीवर येताच सरकारी परवाना कशाला? रस्ता जनतेचा, बोट जनतेची. मग ही इंचांची मोजदाद म्हणजे निव्वळ बाबूगिरी!’ हा धागा त्या सुराविरुद्ध आहे. ज्याला ही मोजदाद मनमानी वाटते, त्याने तिचा इतिहास वाचलेला नसतो.

२/१६
आधी साधे गणित. इंटरस्टेट महामार्गाची एक मार्गिका १२ फूट रुंद असते. वाहनाची कमाल रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. ते मार्गिकेच्या मधोमध चालले तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी २१ इंच मोकळे राहतात. वाऱ्याचा झोत, चालकाचा क्षणभराचा डुलका, शेजारच्या ट्रकचा हेलकावा, हे सारे त्या २१ इंचांत सामावायचे. बोट १० फूट रुंद असेल तर उरतो एकेक फूट. १२ फूट असेल तर काहीच उरत नाही. परवाना, दिवसाउजेडीचे बंधन, पायलट गाडी ही सगळी व्यवस्था या वजाबाकीतून निघाली आहे. तिचा उगम कोणा कारकुनाच्या लहरीत नाही.

३/१६
इतिहासप्रेमींना जमिनीवरून ओढलेली जहाजे आठवतात ती इ.स. १४५३ ची. कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सुलतान मेहमेद दुसरा याने सुमारे ७० जहाजे गलाताच्या टेकडीवरून, चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून ओढत गोल्डन हॉर्नच्या खाडीत उतरवली. प्रसंग थरारक आहे, यात शंका नाही. पण त्या वाटेवर समोरून येणारा कोणी नव्हता. असता तर त्याला बाजूला व्हावे लागले असते. ती विजेत्याची वाट होती. सार्वजनिक रस्त्याची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. तेथे कोणीच विजेता नसतो, आणि म्हणूनच तेथे माप लागते.

४/१६
माप लावण्याची ही रीत आधुनिक नोकरशाहीने शोधलेली नाही. रोमच्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात, इ.स.पू. पाचव्या शतकात, रस्त्याची रुंदी सरळ भागात ८ फूट आणि वळणावर १६ फूट अशी ठरवलेली होती. लांब वाहन वळताना अधिक जागा खाते, हे त्या विधिकारांना कळत होते. पुढे इ.स.पू. ४५ च्या सुमारास ज्यूलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनी रोम नगरात सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालवाहू गाड्यांना बंदी केली. त्या बंदीला अपवाद होते : देवालयांच्या बांधकामाचे साहित्य, सार्वजनिक पाडकामाचा राडारोडा, काही धार्मिक व विजयोत्सवी वाहने.

५/१६
या अपवादांकडे नीट पाहावे. रोमन कायद्याने धनिकाच्या चैनीसाठी सवलत ठेवली नव्हती. जे सार्वजनिक किंवा पवित्र मानले जाई, त्यालाच दिवसा वाट मिळे. आजचा नियम तपशिलात उलटा आहे. रोममध्ये जड गाड्या रात्री चालत, अमेरिकेतील बहुतेक राज्यांत अतिरुंद बोट दिवसाच न्यावी लागते. पण दोन्हींमागचा प्रश्न एकच : असाधारण वाहनासाठी साधारण लोकांनी किती गैरसोय सोसायची, आणि कोणत्या कारणासाठी?

६/१६
येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. रोमन रस्ता ८ फूट, अमेरिकेतील वाहनाची जुनी मर्यादाही ८ फूट. झाला धागा तयार, ‘दोन हजार वर्षांची अखंड परंपरा’! रोमन रथाच्या घोड्यांवरून थेट अंतराळयानापर्यंत पोहोचणारी फॉरवर्ड कथा याच जातीची. पण एक आकडा रस्त्याचा आहे, दुसरा वाहनाचा. रोमन फूट इंग्रजी फुटाहून थोडा आखूडही होता. आकडे जुळले म्हणून वंश जुळत नाही. परंपरा असलीच तर ती आकड्याची नाही, प्रश्नाची आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोहोंतला फरक सोडू नये.

७/१६
परवानाविरोधकांचे लाडके उदाहरण म्हणजे ब्रिटनचा १८६५ चा ‘रेड फ्लॅग’ कायदा. रस्त्यावरील वाफेच्या इंजिनाला गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात ताशी २ मैल; सोबत किमान तीन माणसे; त्यांपैकी एकाने लाल निशाण घेऊन ६० यार्ड पुढे चालायचे. आज हे वाचून हसू येते आणि ते स्वाभाविक आहे. मात्र गोष्ट हसण्यापाशी थांबवणारे तिचा उत्तरार्ध गाळतात. १८७८ मध्ये निशाणाची सक्ती सैल झाली, अंतर २० यार्डांवर आले. १८९६ मध्ये हलक्या वाहनांवरची ही सारी बंधने उठली. जो नियम अनुभवापुढे टिकला नाही, तो गेला. वाहनाच्या आकाराची मर्यादा मात्र गेली नाही, कारण तिच्यामागे भीतीबरोबर गणितही होते.

८/१६
अमेरिकेत वाहनांच्या वजनावर राज्यांनी मर्यादा घालण्यास १९१३ च्या सुमारास आरंभ झाला. मेन आणि मॅसॅच्युसेट्स ही त्यांतली आरंभीची नावे. खरी कसोटी लागली १९३८ मध्ये. साउथ कॅरोलिना राज्याने ९० इंचांहून रुंद आणि २०,००० पौंडांहून जड ट्रकना बंदी केली होती. इतरत्र ९६ इंच रूढ होते आणि आंतरराज्य वाहतुकीतील बहुतांश ट्रक तेवढेच रुंद होते. वाहतूकदार बार्नवेल बंधू न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला तो राज्याच्या बाजूने : रस्ते राज्याने बांधले, राज्यच ते राखते, आणि त्यांच्या सुरक्षिततेचा विवेकी निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्या विधिमंडळाला आहे. ‘रस्ता जनतेचा’ याचा अर्थ येथे प्रथम नीट उलगडला. जनतेचा, म्हणूनच जनतेच्या प्रतिनिधींनी मापायचा.

९/१६
१९५६ मध्ये इंटरस्टेट जाळ्याचा कायदा आला. या रस्त्यांच्या खर्चाचा ९० टक्के भार संघराज्य सरकार उचलणार होते. एवढा पैसा ओतल्यावर रस्ते अवाढव्य वाहनांनी लवकर खिळखिळे होऊ नयेत म्हणून राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने १९४६ मध्ये सुचवलेली मापेच कायद्यात बसवण्यात आली : रुंदी ९६ इंच, एकेरी आसावर १८,००० पौंड, एकूण वजन ७३,२८० पौंड. रुंदीचा आकडा आता केवळ राज्याचा राहिला नाही, राष्ट्रीय गुंतवणुकीचा पहारेकरी झाला.

१०/१६
कोणी म्हणेल, हा तर राज्यसत्तेचा पोवाडा झाला. तसे नाही. १९८१ चा खटला त्याला उत्तर आहे. आयोवा राज्याने ६५ फुटी जोड-ट्रेलरना बंदी घातली होती. कारण सांगितले सुरक्षिततेचे. प्रत्यक्षात ती वाहने आयोवाने मान्य केलेल्या ५५ फुटी ट्रेलरइतकीच सुरक्षित असल्याचा पुरावा पुढे आला. सीमेवरच्या शहरांना मात्र शेजारच्या राज्याची मापे स्वीकारण्याची मुभा होती! सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. १९३८ आणि १९८१ हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पहिला सांगतो, मर्यादा घालण्याचा अधिकार आहे. दुसरा बजावतो, पुराव्याचा आव आणून तो वापरता येणार नाही.

११/१६
आणि मग आले ते सुप्रसिद्ध सहा इंच. १९८२ च्या भूपृष्ठ वाहतूक साहाय्य कायद्यावर अध्यक्ष रेगन यांनी ६ जानेवारी १९८३ रोजी स्वाक्षरी केली. इंधनावरील संघराज्य कर गॅलनमागे ४ सेंटांवरून ९ सेंट झाला, जड ट्रकांवरील करही वाढले. मोबदल्यात ट्रकउद्योगाला लांब ट्रेलर, जोड-ट्रेलर आणि ९६ ऐवजी १०२ इंचांची रुंदी मिळाली. ही रुंदी द्यायची ती १२ फुटी मार्गिकांसाठी आखलेल्या रस्त्यांवर, हेही कायद्यात होते. दोन पक्षांनी घासाघीस करून, किंमत मोजून केलेला हा व्यवहार होता. ज्याला आज ‘कुठून तरी आलेला आकडा’ म्हणतात, त्याची पावती इतिहासात मिळते.

१२/१६
या करारात बोटींचा पक्ष नव्हता. पण त्याचा परिणाम थेट बोटींच्या पोटापर्यंत पोहोचला. कायद्याचे माप व्यापारी वाहनांसाठी होते. बहुतेक राज्यांनी खासगी ट्रेलरलाही तेच लावले. पूर्वी ट्रेलरवरून नेता येणाऱ्या बोटींची रुंदी ८ फुटांत बसवली जाई. १९८० च्या दशकापासून ती साडेआठ फुटांवर येऊन ठेपली. आजही असंख्य बोटींच्या माहितीपत्रकात रुंदीपुढे हाच आकडा दिसतो. लाटांनी, वाऱ्याने किंवा माशांनी तो ठरवलेला नाही. महामार्गाच्या पांढऱ्या रेघेने ठरवला आहे. पाण्यावरच्या वस्तूचा आकार जमिनीवरच्या कायद्याने घडवावा, याहून रोचक ऐतिहासिक प्रसंग युद्धांच्या तारखांत किती सापडतील?

१३/१६
ज्यांना याहून रुंद बोट हवी, त्यांना दार बंद नाही. परवाना घ्यावा, ठरवलेल्या मार्गाने जावे, फलक व फडकी लावावीत, उजेडात प्रवास करावा. रुंदी साधारण १२ फुटांच्या पुढे गेली की अनेक राज्यांत पायलट गाडीही लागते. हे परवाने संघराज्य सरकार देत नाही, प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. मिशिगनहून फ्लोरिडाला निघालेल्या बोटीला ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया अशी एकेक पायरी उतरावी लागते. हत्ती जावा आणि शेपूट अडावे, असा अनुभव येथे येऊ शकतो. ही तक्रार खरी आहे. अर्जाचा नमुना, शुल्क आणि वेळा राज्याराज्यांत जुळवून घ्याव्यात ही मागणीही रास्त आहे. अनुभवी वाहतूक कंपनी हा पसारा सहज निभावते. जुनी मासेमारी बोट विकत घेऊन गावी नेणारा सामान्य माणूस त्यात गुरफटतो. सुधारणा हवी तर ती येथे हवी. पण अर्ज सोपा करणे वेगळे आणि मर्यादाच उडवणे वेगळे. पहिल्या मागणीच्या आडून दुसरी पुढे सरकवली जाते, तेथे विरोध केला पाहिजे.

१४/१६
अशा परवान्यामागचे मूळ तत्त्व आहे ‘अविभाज्य भार’. जे सुटे केले तर निकामी होईल, त्याचे मोल नष्ट होईल किंवा जे सुटे करायला योग्य साधनांनिशी आठ तासांहून अधिक काम लागेल, ते अविभाज्य, अशी अमेरिकी नियमांतील व्याख्या लांबी व वजनाच्या संदर्भात आहे. साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्कीची पाती नेणारे लांबलचक ट्रेलर ज्यांनी घाटात पाहिले आहेत, त्यांना हे तत्त्व वेगळे शिकवावे लागणार नाही. पाते करवतीने कापून नेता येत नाही. बोटही येत नाही. पण पात्यामागे वीज असते, रोहित्रामागे गाव असते. विहारनौकेमागे एका कुटुंबाचा शनिवार-रविवार असतो. कायदा हा भेद करत नाही. दोघांनाही तो एकाच दारातून आत घेतो. रोमने जी सवलत सार्वजनिक कार्यासाठी राखली, ती आज खासगी आनंदालाही मिळते. म्हणजे बोटमालकावर अन्याय होतो आहे असे नव्हे; इतिहासाच्या मापाने पाहता त्याच्यावर औदार्यच झाले आहे. औदार्याची अट म्हणून चार फडकी आणि एक फलक मागितला, तर त्याला जुलूम म्हणणे शोभत नाही.

१५/१६
विरोधकांचा सर्वांत सबळ मुद्दाही टाळू नये : बोट रस्ता खराब करत नाही. हे बरोबर आहे. इलिनॉय राज्यात ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून निष्पन्न झाले की रस्त्याची झीज आसावरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. तीन आसांवर ६ टनांची बोट म्हणजे आसामागे २ टन. भरलेल्या ट्रकचा ९ टनी आस त्याच्या सुमारे चारशेपट झीज करतो. तेव्हा झिजेच्या नावाने बोटवाल्याला दोष देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण वाद झिजेचा नाही, जागेचा आहे. रुंदीचा आणि उंचीचा आहे. २३ मे २०१३ रोजी वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट नदीवरील इंटरस्टेट ५ च्या पुलाच्या वरच्या लोखंडी पट्ट्यांना एका अतिउंच भाराची धडक बसली आणि पुलाचा एक गाळाच नदीत कोसळला. दोन वाहने पाण्यात पडली. तिघांना वाचवण्यात आले, सुदैवाने कोणी दगावले नाही. तो भार बोटीचा नव्हता. त्याच्याकडे परवाना होता, पुढे पायलट गाडीही होती. चुकली ती मार्गावरच्या उंचीची पडताळणी आणि वेळेवर द्यायचा इशारा. यातून परवाना निरुपयोगी ठरत नाही. परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे, हे ठरते. नदी, पूल आणि लोकांचे जीव ‘माझी बोट, माझी मर्जी’ या घोषणेने पेलले जात नाहीत.

१६/१६
सारांश एवढाच. साडेआठ फूट हा आकडा पवित्र नाही. तो ९० इंच होता, ९६ झाला, १०२ झाला. युरोपीय संघात सर्वसाधारण वाहनांसाठी तो २.५५ मीटर आहे. उद्या पुरावा बदलला, मार्गिका बदलल्या, तर तोही बदलावा. पण बदलाचा मार्ग १९३८, १९८१ आणि १९८२ ने दाखवून दिला आहे : विधिमंडळ, पुरावा, न्यायालय आणि करार. ‘मोकळा रस्ता’ इतिहासात कधीच नव्हता. होता तो विजेत्याचा रस्ता, किंवा मापलेला रस्ता. पहिल्यावर मेहमेदाची जहाजे चालली. दुसऱ्यावर बोट ओढणाऱ्या पिकअपच्या शेजारून शाळेची बस, रुग्णवाहिका आणि दुचाकीस्वार एकाच वेळी, कोणालाही बाजूला न सारता जातात. त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना २१ इंच सुटलेले असतात. हे २१ इंच कोणाच्या स्वातंत्र्यातून कापलेले नाहीत. सगळ्यांचे स्वातंत्र्य त्यांतच मावलेले आहे.

धागा समाप्त. आक्षेप असतील तर आकडे आणि वर्षे घेऊन यावेत. त्यांचे स्वागत आहे.